विश्लेषण : तांबेरा हरला नाही, पण गहू आधी पिकला… ऑस्ट्रेलियाचा गहू बदलणारे विल्यम फॅरर कोण होते?

ऑस्ट्रेलियाच्या दोन डॉलरच्या जुन्या हिरव्या नोटेवर एका बाजूला मेंढ्यांचा व्यवसाय उभा करणारे जॉन मॅकार्थर होते, तर दुसऱ्या बाजूला गव्हाच्या ओंब्यांसह एक दाढीवाले गृहस्थ. ही नोट १९६६ मध्ये आली आणि १९८८ मध्ये तिची जागा नाण्याने घेतली. नोटेवरचे हे गृहस्थ म्हणजे विल्यम जेम्स फॅरर. ते राजकारणी नव्हते, सेनापती नव्हते. गव्हावरच्या तांबेरा रोगाला दाद न देणारे वाण शोधण्यात त्यांनी आयुष्याची शेवटची २० वर्षे घालवली. त्यांचे जे वाण सर्वाधिक गाजले, ते मात्र तांबेऱ्याला प्रतिकार करणारे नव्हतेच. शिवाय त्या वाणाच्या वंशावळीत उत्तर प्रदेशातील इटावा या गावाचे नाव आहे. हे कसे घडले, आणि रोगप्रतिकारक गहू शोधायचा म्हणजे नेमके काय करायचे, ते पाहू.

तांबेरा म्हणजे काय?

आपल्याकडे याला तांबेरा किंवा गेरवा म्हणतात. दोन्ही नावे रंगावरून आली आहेत. रोगट शेतातून चालत गेल्यास कपड्यांवर विटकरी भुकटी बसते, म्हणून ही नावे. ही भुकटी म्हणजे बुरशीचे बीजाणू. गव्हावर तांबेऱ्याचे तीन प्रकार येतात : खोडावरचा काळा, पानावरचा नारिंगी आणि पिवळा. यातला खोडावरचा तांबेरा सर्वात घातक मानला जातो. त्याचे शास्त्रीय नाव ‘पक्सिनिया ग्रॅमिनिस’.

बीजाणू वाऱ्याबरोबर येतो, दवाने ओल्या झालेल्या पानावर किंवा खोडावर रुजतो आणि पर्णरंध्रातून आत शिरतो. हवामान अनुकूल असेल तर दीड-दोन आठवड्यांत तिथे फोड येतात, ते फुटतात आणि हजारो नवे बीजाणू हवेत जातात. चार-पाच फेऱ्या झाल्या की शेत लाल दिसू लागते. बुरशी झाडाचे अन्न आणि पाणी पळवते, त्यामुळे ओंबी दिसायला भरलेली असली तरी दाणे सुरकुतलेले, पोचट निघतात. तोंडाशी आलेला घास जातो तो असा. हंगामभर खत-पाणी घालून झालेले असते आणि नुकसान शेवटच्या तीन आठवड्यांत होते.

रँग्लर ते सर्व्हेअर

फॅरर यांचा जन्म ३ एप्रिल १८४५ रोजी इंग्लंडच्या उत्तरेकडील वेस्टमोरलँड परगण्यात झाला. वडील खंडाने जमीन कसणारे शेतकरी. मुलगा हुशार निघाला. शिष्यवृत्तीवर लंडनच्या ‘क्राइस्ट्स हॉस्पिटल’ या शाळेत आणि पुढे केंब्रिजच्या पेम्ब्रोक कॉलेजात गेला. १८६८ मध्ये गणिताच्या परीक्षेत तो ‘रँग्लर’ ठरला. मराठी वाचकाला ही पदवी रँग्लर परांजपे यांच्यामुळे ठाऊक आहे. केंब्रिजमधली तीच परीक्षा परांजपे यांनी तीन दशकांनंतर, १८९९ मध्ये दिली आणि ते तिच्यात पहिले आले.

फॅरर यांना डॉक्टर व्हायचे होते. वैद्यकीय शिक्षण सुरू झाले आणि क्षयाचे निदान झाले. त्या काळी क्षयावर औषध नव्हते. कोरड्या, उबदार हवेच्या देशात जाणे एवढाच सल्ला मिळत असे. त्यानुसार १८७० मध्ये ते ऑस्ट्रेलियात आले. मेंढ्या पाळण्यासाठी जमीन घ्यायचा बेत होता, पण खाणींच्या शेअरमध्ये पैसे बुडाले. मग ‘डंट्रून’ या मोठ्या जमीनदारीवर कॅम्पबेल कुटुंबातल्या मुलाला शिकवण्याची नोकरी धरली. कॅनबेरा शहर तेव्हा अस्तित्वातच नव्हते. आज त्याच डंट्रूनमध्ये ऑस्ट्रेलियाच्या लष्करी अधिकाऱ्यांचे प्रशिक्षण महाविद्यालय आहे.

१८७५ मध्ये त्यांनी सर्व्हेअरचा परवाना मिळवला आणि पुढची अकरा वर्षे न्यू साऊथ वेल्सच्या आतल्या भागात जमीन मोजत हिंडले. चरित्रात हा काळ दोन ओळींत संपतो, पण माझ्या मते पुढचे सगळे इथेच ठरले. नवे वसाहतवाले इंग्लंडमधून आणलेले गव्हाचे वाण अर्धवाळवंटी मातीत पेरत होते, आणि कोणत्या वर्षी कुठे काय जळाले हे फॅरर घोड्यावरून रोज पाहत होते.

१८८२ मध्ये त्यांनी नीना डी सॅलिस यांच्याशी लग्न केले. १८८६ मध्ये नोकरी सोडून मरमबिजी नदीकाठी ‘लँब्रिग’ या जागी घर केले. नाव ठेवले ते जन्मगावाजवळच्या डोंगराचे.

१८८९ चा फटका

ऑस्ट्रेलियात ऋतू आपल्या उलट असतात. गहू मे-जूनमध्ये पेरतात आणि नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये कापतात. १८८९ चा वसंत ओला आणि उबदार गेला. इंग्लंडहून आलेले उशिरा पिकणारे वाण अजून हिरवे असतानाच खोडावरचा तांबेरा आला आणि पूर्वेकडच्या वसाहतींमध्ये पीक झोपले. नुकसान इतके झाले की एरवी एकमेकींशी जकातीवरून भांडणाऱ्या वसाहतींनी १८९० पासून तांबेऱ्यावर एकत्र परिषदा भरवायला सुरुवात केली.

या परिषदांमध्ये बियाण्याला औषध लावणे, पेरणीची वेळ बदलणे, फवारणी असे अनेक उपाय चर्चेला आले. फॅरर यांचे म्हणणे वेगळे होते. एकाच शेतात काही झाडे लाल होतात आणि काही तुलनेने स्वच्छ राहतात, म्हणजे फरक झाडात आहे. तेव्हा झाडच बदलायचे. वंश कसा पुढे जातो याचे नियम मांडणाऱ्या मेंडेल यांचा निबंध तेव्हा युरोपातल्या ग्रंथालयांत धूळ खात पडला होता. जगाला तो १९०० मध्ये सापडला. फॅरर यांच्याकडे डार्विनची पुस्तके होती आणि गणिताची शिस्त.

संकर कसा करतात?

गव्हाचे फूल स्वतःच्याच परागाने फळते. दोन वाणांचा संकर करायचा तर आई म्हणून निवडलेल्या ओंबीतील प्रत्येक फूल उमलण्याआधी अलगद उघडावे लागते. त्यातील तिन्ही परागकोष बारीक चिमट्याने काढायचे आणि ओंबी झाकून ठेवायची. एक-दोन दिवसांनी दुसऱ्या वाणाचे पराग आणून टाकायचे. एका ओंबीवर इतकी मेहनत करून हाती येतात जेमतेम पाच-पंचवीस दाणे.

ते पेरल्यावर पहिल्या पिढीत सगळी झाडे सारखीच दिसतात. खरा पसारा दुसऱ्या पिढीत उघडतो. कोणी उंच, कोणी बुटके, कोणाला कुसळ, कोणाला नाही. त्यातून हवी ती झाडे निवडायची, प्रत्येकाचे बी वेगळ्या ओळीत पेरायचे, पुन्हा निवडायचे. स्थिर वाण मिळायला सात-आठ वर्षे सहज जातात. फॅरर यांनी नदीकाठच्या छोट्या वाफ्यांमध्ये हे काम वर्षानुवर्षे केले. सुरुवातीची सुमारे दहा वर्षे ते पूर्णपणे स्वतःच्या खर्चाने चालले होते, आणि तयार झालेले बी ते मागेल त्याला देत.

आई-बाप म्हणून त्यांनी जगभरातून गहू मागवले. कॅनडाकडचा ‘फाइफ’ गहू पिठाला उत्तम, पण उशिरा पिकणारा. भारतीय गहू मात्र लवकर आटोपणारा. याचे कारण आपल्याला वेगळे सांगायला नको. आपल्याकडे थंडी जेमतेम तीन महिने असते. नोव्हेंबरात पेरलेला गहू मार्चच्या झळा लागण्याआधी दाणे भरून मोकळा झाला नाही तर हाती काही लागत नाही. पिढ्यान् पिढ्या शेतकऱ्यांनी जे बी राखले, ते याच घाईत तयार झालेले. फॅरर यांच्या हाती आलेल्या अशा भारतीय वाणांपैकी एकाचे नाव होते ‘इटावा’, म्हणजे गंगा-यमुनेच्या दुआबातल्या गावाचे. ते बी राखणाऱ्या शेतकऱ्यांची नावे कुठेच नोंदलेली नाहीत.

स्वच्छ झाड म्हणजे प्रतिकारक झाड?

फॅरर यांचा सगळा तिढा या प्रश्नात आहे. शेतात एखादी ओळ तांबेऱ्याविना उभी दिसली तर तिची दोन कारणे असू शकतात. एक, झाडाने बुरशीला आत शिरू दिले नाही किंवा वाढू दिले नाही. हा खरा प्रतिकार. दोन, बुरशी त्याच्यापर्यंत पोहोचलीच नाही, किंवा पोहोचली तेव्हा पीक पिकून वाळले होते. याला शास्त्रात ‘एस्केप’ म्हणजे निसटणे म्हणतात. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसते.

इंजिनीअरिंगच्या भाषेत सांगायचे तर भार न देताच घेतलेली ही लोड टेस्ट आहे. पूल पडला नाही, कारण त्यावरून ट्रकच गेला नाही. कोरड्या वर्षी तांबेरा येत नाही आणि सगळेच वाण पास होतात.

म्हणून आजच्या स्क्रीनिंगमध्ये सर्वात आधी याच चुकीचा बंदोबस्त केला जातो. तपासायच्या ओळींभोवती आणि मधेमधे हमखास रोगाला बळी पडणाऱ्या वाणाच्या ओळी लावतात. भारतात यासाठी ‘आग्रा लोकल’ हा जुना वाण वापरतात. या ओळींवर बीजाणू फवारून मुद्दाम रोग आणला जातो, म्हणजे प्रत्येक झाडावर मारा होतोच. आग्रा लोकल लाल झाला नसेल तर त्या हंगामाची परीक्षा झालीच नाही असे धरतात.

रोपांची चाचणी वेगळी. काचघरात कुंडीतल्या लहान रोपांवर एका ठरावीक जातीचे बीजाणू टाकतात, रात्रभर दमट कक्षात ठेवतात आणि साधारण दोन आठवड्यांनी पानावरचे फोड पाहून ० ते ४ असे गुण देतात. ० म्हणजे खूणही नाही, ४ म्हणजे मोठाले फोड. इथे गुण जितके कमी तितके चांगले.

शेतातल्या मोठ्या झाडांसाठी दोन गोष्टी लिहितात : पान-खोडाचा किती टक्के भाग रोगट आहे, आणि फोड कसे आहेत. समजा नोंद ‘४० एमएस’ अशी आहे. एमएस म्हणजे मध्यम बळी पडणारा. त्याचा गुणक ०.८. म्हणजे ४० गुणिले ०.८, अर्थात ३२. पूर्ण बळी पडणाऱ्याचा गुणक १, मध्यम प्रतिकारकाचा ०.४ आणि प्रतिकारकाचा ०.२. अनेक ठिकाणच्या अशा आकड्यांची सरासरी काढून वाण ठेवायचा की टाकायचा हे ठरते.

यातली टक्के मोजण्याची पद्धत फॅरर यांच्याच वर्तुळातली. न्यू साऊथ वेल्सच्या कृषी खात्यात नॅथन कॉब हे अमेरिकी वनस्पतीरोगतज्ज्ञ होते. कोणी ‘थोडा तांबेरा’ लिहितो, कोणी ‘बराच’; मग तुलना कशी करायची? कॉब यांनी १८९२ च्या सुमारास पानांची चित्रे काढून १, ५, १०, २० आणि ५० टक्के असे पाच टप्पे ठरवले. चित्र शेजारी धरायचे आणि आकडा लिहायचा. १९४८ मध्ये अमेरिकेत तिच्यात सुधारणा झाली आणि ‘सुधारित कॉब श्रेणी’ आजही जगभर वापरतात. गंमत म्हणजे या श्रेणीत १०० टक्के म्हणजे पान पूर्ण झाकले असा अर्थ नाही. प्रत्यक्षात पानाचा सुमारे ३७ टक्के भाग फोडांनी व्यापला की तिथे १०० लिहितात, कारण फोड त्याहून दाट होत नाहीत.

मग फॅरर यांनी काय केले?

फॅरर यांच्याकडे काचघर नव्हते, बुरशीच्या वेगवेगळ्या जाती असतात हेही तेव्हा कोणाला माहीत नव्हते. तांबेऱ्याचे वर्ष आले की त्यांची परीक्षा, नाहीतर नुसती वाट पाहणे. पूर्ण रोगमुक्त गहू त्यांना सापडला नाही.

पण त्यांच्या वहीत एक गोष्ट पुन:पुन्हा दिसत होती. लवकर पिकणाऱ्या ओळी बहुतेक वेळा वाचत होत्या. तांबेऱ्याची लाट येते तोवर त्यांचे दाणे भरून झालेले असत. चाचणीत जी चूक मानली जाते, तीच त्यांनी उद्दिष्ट केली. प्रतिकार सापडत नसेल तर निसटणारे वाण तयार करायचे. शुद्ध शास्त्राच्या दृष्टीने ही माघार होती, शेतकऱ्याच्या दृष्टीने मुळीच नव्हती. त्याला पोत्यांत भरलेला दाणा हवा असतो. शिवाय लवकर पिकण्याचा दुसरा फायदा होता. जमिनीतली ओल संपण्याआधी पीक हाती येई, आणि ऑस्ट्रेलियात तेव्हा १८९५ पासून मोठा दुष्काळ सुरू झाला होता.

१८९८ मध्ये सरकारने त्यांना गहू प्रयोग अधिकारी नेमले. खात्यातले रसायनतज्ज्ञ फ्रेडरिक गथ्री त्यांच्या जोडीला होते. नव्या वाणाचे मूठभर दाणे दळून पिठाचा कस तपासता येईल अशी छोटी गिरणी गथ्री यांनी वापरात आणली. त्यामुळे वाण पोतीभर वाढवण्याआधीच त्याची भाकर कशी होईल, खरे तर पाव कसा होईल, हे कळू लागले.

‘फेडरेशन’चा जन्म

फाइफच्या सुधारित वाणाचा इटावाशी संकर करून फॅरर यांनी ‘यँडिला’ हा गहू केला होता. त्याचा संकर ‘पर्पल स्ट्रॉ’ या स्थानिक लोकप्रिय वाणाशी केला. त्यातून निवडत आलेल्या वाणाला १९०१ मध्ये ‘फेडरेशन’ नाव दिले, कारण त्याच वर्षी सहा वसाहती मिळून ऑस्ट्रेलिया हे संघराज्य झाले. थोडक्यात, राष्ट्राच्या नावाने ओळखला गेलेला हा गहू नात्याने इटाव्याचा पणतू नाही, पण नातू नक्की.

शेतकऱ्यांना तो आधी आवडला नाही. ओंबी तपकिरी, काडी बुटकी. उंच, सोनेरी पिकाची सवय असलेल्या नजरेला ते शेत दरिद्री दिसे. पण काडी ताठ होती, पीक लोळत नसे आणि ओंब्या ओढून घेणाऱ्या तिकडच्या कापणीयंत्राला अगदी सोयीचे होते. उतारा पाहिल्यावर तक्रार बंद झाली. साधारण १९१० ते १९२५ या काळात फेडरेशन हा ऑस्ट्रेलियात सर्वाधिक पेरला जाणारा गहू होता. पुढे अमेरिकेच्या वायव्य भागातही तो गेला. पिठाच्या दर्जात मात्र तो मध्यमच होता, फॅरर यांचे इतर काही वाण त्याच्यापेक्षा सरस होते.

काणीवर मात्र थेट मात

गव्हाला काणी नावाचाही बुरशीजन्य रोग होतो. त्यात दाण्याच्या जागी दुर्गंधी काळी भुकटी भरते. या रोगाचे बीजाणू बियाण्याला चिकटून येतात. म्हणजे फॅरर यांना वाऱ्याची किंवा पावसाची वाट पाहण्याची गरज नव्हती. त्यांनी बियाणे मुद्दाम काणीच्या भुकटीत घोळवून पेरले. मारा सगळ्यांना सारखा, तारीख आपली. आजच्या अर्थाने हे खरेखुरे स्क्रीनिंग, आणि त्यातून ‘फ्लॉरेन्स’ व ‘जिनोआ’ हे काणीला प्रतिकार करणारे वाण निघाले. फ्लॉरेन्सची संतती पुढे उत्तर आफ्रिकेच्या शेतांत ‘फ्लॉरेन्स-ऑरोर’ या नावाने पोहोचली.

तांबेरा आणि काणी या दोन कामांतला फरक बघण्यासारखा आहे. माणूस तोच, वाफे तेच. एका ठिकाणी रोग हातात होता, दुसऱ्या ठिकाणी नव्हता.

१६ एप्रिल १९०६ रोजी लँब्रिग येथे हृदयविकाराने फॅरर यांचे निधन झाले. वय ६१. तिथेच टेकडीवर त्यांचे दफन झाले. मूल नव्हते. फेडरेशनचा खरा बहर त्यांनी पाहिला नाही.

पुढे काय झाले?

फॅरर यांच्या निधनाच्या आदल्या वर्षी, १९०५ मध्ये, केंब्रिजमध्ये रोलंड बिफन यांनी दाखवून दिले की पिवळ्या तांबेऱ्याचा प्रतिकार मेंडेलच्या नियमांनुसार पुढच्या पिढीत जातो. फॅरर यांचा अंदाज बरोबर होता, फरक झाडातच असतो. त्यानंतर अमेरिकेत एल्विन स्टॅकमन आणि सिडनीत वॉल्टर वॉटरहाउस यांनी दुसरी बाजू उघड केली. तांबेऱ्याची बुरशीही एकच नसते. तिच्या अनेक जाती असतात आणि नव्या तयार होत राहतात.

ऑस्ट्रेलियाने ते लवकरच अनुभवले. १९३८ मध्ये आलेला ‘युरेका’ हा वाण खोडावरच्या तांबेऱ्याला दाद देत नव्हता. तो लोकप्रिय झाला आणि चार-पाच वर्षांतच त्याला भेदणारी बुरशी हजर झाली. १९९८ मध्ये युगांडात आढळलेल्या ‘यूजी ९९’ या जातीने जगभरच्या गव्हात असलेले प्रतिकाराचे एक महत्त्वाचे जनुक निकामी केले. त्यानंतर केनियातील न्योरो येथे अनेक देशांच्या हजारो वाणांची दरवर्षी तपासणी होऊ लागली. भारतीय गहूही तिथे जातो, म्हणजे ती बुरशी इथे येण्याआधीच आपले कोणते वाण टिकतील ते कळते. भारतात रोपांच्या चाचणीचे मोठे काम शिमल्याजवळच्या फ्लॉवरडेल केंद्रात होते.

महाराष्ट्रात हे काम महाबळेश्वरला चालते. महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे गहू गेरवा संशोधन केंद्र तिथे आहे. पर्यटक थंड, दमट हवेसाठी जातात, तीच हवा तांबेऱ्यालाही मानवते. दक्षिण आणि मध्य भारतात खोडावरचा तांबेरा निलगिरी-पलनीच्या डोंगरांतून उत्तरेकडे सरकतो, म्हणून राज्यातल्या वाणांसाठी ही चाचणी महत्त्वाची ठरते. आणि इथला गहू उत्पादक फॅरर यांचे नाव न ऐकताही त्यांचा मार्ग वापरत असतो. उशिरा पेरलेला गहू उष्णता आणि तांबेरा या दोन्हींच्या तावडीत सापडतो, म्हणून प्रतिकारक वाणाबरोबरच वेळेवर पेरणी करण्याची शिफारस केली जाते.